रिकामा रीसेल फ्लॅट आणि इंटिरियर डिझायनर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, बिबवेवाडी अशा भागांत १९८० ते २००० च्या दरम्यान बांधलेल्या इमारतींमधले फ्लॅट विकत घेऊन ते नव्याने करून घेणारी कुटुंबे हा इंटिरियर डिझायनर म्हणून माझ्या कामाचा मोठा हिस्सा आहे. किल्ली हातात येते तेव्हा घर रिकामे असते. भिंतींवर जुन्या कॅलेंडरांचे खिळे, देवघराच्या जागी काजळीचा डाग आणि न्हाणीघराच्या दाराशी फुगलेली चौकट एवढेच मागे उरलेले असते. अशा घराबद्दल पहिल्या भेटीत जे प्रश्न हमखास विचारले जातात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती पुण्यातील अनुभवावर बेतलेली असून अन्य शहरांत परवानग्यांचे तपशील थोडे वेगळे असू शकतात.

व्यवहार पूर्ण होण्याआधी डिझायनरला घर दाखवावे का?

अवश्य दाखवावे, आणि शक्य असल्यास पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच दाखवावे. विकण्यापूर्वी रंगाचा एक हात मारून ओल झाकण्याची पद्धत सर्वत्र आहे. मात्र ताज्या रंगातूनही पांढरी खार फुटलेली दिसते, आणि गिलाव्यावर नाण्याने वाजवून पाहिले तर सुटलेला भाग पोकळ आवाज देतो. मी सर्वप्रथम संडास-न्हाणीघराचे छत पाहते, कारण वरच्या मजल्यावरच्या गळतीचा पुरावा तेथेच असतो. त्यानंतर बाल्कनीच्या खालची बाजू आणि कॉलम पाहते. उभी चीर आणि तिच्याशेजारी तांबूस डाग दिसला, तर आतली सळई गंजून फुगू लागली असण्याची शक्यता असते. हा डिझायनरच्या अखत्यारीतला विषय नव्हे; तेथे स्ट्रक्चरल इंजिनिअरचे मत घ्यावे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींचे दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींचे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट होणे अपेक्षित आहे, त्यामुळे सेक्रेटरींकडे शेवटचा अहवाल मागण्यात संकोच करू नये.

इमारत पुनर्विकासाला जाणार असेल तर नूतनीकरण करावे का?

हा प्रश्न लोक सहसा विचारत नाहीत, आम्हीच त्यांना विचारतो. तीस-पस्तीस वर्षांच्या इमारतीत पुनर्विकासाची चर्चा असतेच, परंतु चर्चा आणि ठराव यांत पुष्कळ अंतर आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खाली शासनाने ४ जुलै २०१९ रोजी काढलेल्या निर्देशांत सभा, सल्लागाराची नेमणूक, निविदा आणि विकासकाची निवड यांची कार्यपद्धती घालून दिली आहे. गेल्या दोन-तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते वाचली की संस्था यांतल्या कोणत्या पायरीवर आहे ते कळते. निविदेपर्यंत गोष्ट गेली असेल तर नळ, वायरिंग आणि रंग एवढेच काम करून घ्यावे आणि फर्निचर सुटे, उचलून नेता येईल असे घ्यावे. भिंतीत बसवलेल्या कपाटांवर आणि फॉल्स सीलिंगवर घातलेला पैसा राडारोड्याबरोबर जातो. केवळ चर्चाच असेल, तर पुढील दहा वर्षे येथेच राहायचे आहे असे धरून काम करणे मला योग्य वाटते. पुनर्विकासाची वाट पाहत गळक्या न्हाणीघरात बारा वर्षे काढलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

डिझायनर, आर्किटेक्ट आणि ठेकेदार यांपैकी नेमके कोण लागते?

‘आर्किटेक्ट’ ही पदवी १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने संरक्षित आहे. वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय ती लावता येत नाही. ‘इंटिरियर डिझायनर’ म्हणवून घेण्यासाठी मात्र अशी सक्तीची नोंदणी नाही. त्यामुळे पदविकेच्या चौकटीपेक्षा त्या व्यक्तीने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेले एखादे घर पाहावे. नव्या कोऱ्या घराचे फोटो सगळ्यांचेच सुंदर असतात. तीन वर्षे वापरलेल्या सिंकखालचे कपाट उघडून पाहिले की काम कळते. भिंती हलवायच्या असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. एकच साधे न्हाणीघर करायचे असेल तर डिझायनरचीही गरज नाही; चांगला प्लंबर आणि लादीवाला पुरेसा आहे, आणि हे आम्ही स्वतःहून सांगायला हवे.

डिझायनरची फी कशी ठरते? दुकानातून कमिशन मिळते हे खरे का?

फी तीन प्रकारे आकारली जाते : क्षेत्रफळावर दर चौरस फुटाप्रमाणे, एकूण खर्चाच्या टक्केवारीने किंवा ठरावीक रकमेत. चौरस फुटाचा दर असेल तर कोणत्या क्षेत्रफळावर, हे लिहून घ्यावे. जुन्या खरेदीखतांत बहुधा बिल्ट-अप (भिंतींसकटचे) क्षेत्र नमूद असते आणि प्रत्यक्ष कार्पेट (भिंतींच्या आतले वापराचे क्षेत्र) त्याहून बरेच कमी भरते, म्हणून टेप लावून मोजलेले क्षेत्रच धरावे.

कमिशनबद्दल थेट सांगायचे, तर प्लाय, लादी आणि हार्डवेअरच्या दुकानांतून डिझायनरला कमिशन देण्याची चाल या व्यवसायात आहे. ते घेणारा प्रत्येक जण फसवतो असे नाही, परंतु टक्केवारीची फी आणि वर कमिशन असे दोन्ही असेल तर खर्च कमी करण्यात त्याला स्वारस्य उरत नाही. पहिल्याच बैठकीत हा प्रश्न विचारावा. उत्तर देताना समोरची व्यक्ती चाचरली, तर त्यातूनही काही समजते.

कोणकोणत्या परवानग्या लागतात?

सोसायटीला कामाचे स्वरूप, कालावधी आणि कामगारांची यादी देऊन लेखी परवानगी घ्यावी. बहुतेक संस्था अनामत रक्कम घेतात. ती कोणत्या अटींवर परत मिळेल हेही त्याच पत्रावर नमूद करून घ्यावे. रंग, लादी, कपाटे, वायरिंग यांसाठी सामान्यतः महापालिकेची परवानगी लागत नाही. बांधकामाचा मंजूर नकाशा बदलणारे काही करायचे असेल, उदाहरणार्थ बाल्कनी खोलीत घेणे, तर लागते. आधीच्या मालकाने बंद केलेली बाल्कनी नकाशात कशी दाखवली आहे हे तपासावे, कारण तो वारसा आता तुमच्याकडे आला आहे.

वेळेचेही भान ठेवावे. फोडाफोड सकाळी दहा ते एक आणि चार ते सहा या वेळांत करावी, दुपारी मुळीच करू नये (पुण्यात याचे कारण सांगण्याची गरज नाही), आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये इमारतीत कोणी दहावी-बारावीचे असेल तर हा टप्पा पुढे ढकलावा. राडारोडा गोण्यांत भरून महापालिकेने ठरवून दिलेल्या ठिकाणीच गेला पाहिजे. ‘टेंपोवाला बघून घेईल’ असे ठेकेदार म्हणाला की तो नदीकाठी जाणार असे खुशाल समजावे.

स्वयंपाकघर आणि हॉल यांमधली भिंत पाडता येईल का?

आधी भिंत मोजावी. आरसीसी चौकटीच्या (सळई घातलेल्या काँक्रीटच्या कॉलम-बीमवर उभ्या) इमारतीत साडेचार इंची विटांची भिंत ही बहुधा केवळ आडोसा असते. जुन्या तीन-चार मजली लोडबेअरिंग इमारतीत मात्र नऊ इंची किंवा त्याहून जाड भिंतच वरचा मजला तोलून धरते. तिला हात लावता येत नाही. जाडीवरून अंदाज येतो, निर्णय मात्र इंजिनिअरच्या लेखी अभिप्रायावरच घ्यावा. कॉलम आणि बीम यांना चर पाडणे, एसीच्या नळीसाठी बीममधून भोक घेणे हे प्रकार इलेक्ट्रिशियन सर्रास करतात. ते कोणत्याही इमारतीत करू देऊ नयेत. न्हाणीघर हलवून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरावर किंवा झोपायच्या खोलीवर नेण्याचा हट्टही धरू नये. नियमांचा अडसर तेथे आहेच, शिवाय खालच्या घराशी कायमचे वैर पदरी पडते.

काम कशापासून सुरू करावे?

पाण्यापासून. रिकाम्या घराचा खरा फायदा एवढाच की भिंतींच्या आत काय आहे ते या दोन-तीन आठवड्यांत पाहता येते. सामान आले की पुढची पंधरा-वीस वर्षे ते दिसत नाही. म्हणून अंदाजपत्रक आखताना मी नळ, सांडपाणी, वॉटरप्रूफिंग आणि वायरिंग यांची रक्कम आधी बाजूला काढायला लावते आणि उरलेल्या पैशांत सजावट बसवते. या क्रमाला घरातून विरोध होतो, कारण पाहुण्यांना यातले काहीच दाखवता येत नाही.

जुन्या इमारतींत पाण्याच्या नळ्या जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या असतात. गेल्या वर्षी एका घरातून काढलेल्या अर्ध्या इंची नळीचा कापलेला तुकडा मी टेबलावर ठेवला आहे. गंजाचे थर बसून आतली वाट पेन्सिल जेमतेम जाईल एवढीच उरली आहे. ‘आमच्याकडे पाण्याला जोर नाही’ या तक्रारीचे मूळ बरेचदा तेथे असते. अशा नळ्या पूर्ण बदलून सीपीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या, न गंजणाऱ्या) घालाव्यात. अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या ठेवल्या की पुढची गळती नेमकी सांध्यावर होते. सर्वांत वरच्या मजल्यावर अडचण वेगळी असते. टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरपेक्षा दोन मीटर उंच असेल तर मिळणारा दाब जेमतेम ०.२ बार असतो, कारण १ बार दाबासाठी सुमारे १० मीटर उंची लागते. छतातून धो धो पडणारा शॉवर तेथे प्रेशर पंपाशिवाय चालणार नाही, आणि पंपासाठी सोसायटीला विचारावे लागते.

न्हाणीघराची जुनी लादी काढल्यावर खालचा भराव पूर्ण उपसावा. त्यात विटांचे तुकडे, माती आणि कधीकधी सिमेंटच्या कागदी पिशव्याही निघतात. स्लॅब उघडा झाल्यावर नहाणी ट्रॅपभोवतीचा (जमिनीतल्या निचऱ्याच्या भांड्याभोवतीचा) सांधा पाहावा. गळती बहुतेक वेळा तेथूनच होते. नवा ट्रॅप बसवून स्लॅबवर आणि भिंतींवर किमान फूटभर, शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत, वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यावेत. त्यानंतर निचऱ्याचे तोंड बंद करून किमान ४८ तास पाणी भरून ठेवावे आणि खालच्या घरात जाऊन छत पाहावे. पातळी खुणेपासून ढळली नाही आणि खालचे छत कोरडे राहिले, तरच कोबा (लादीखालचा सिमेंटचा थर) आणि लादी करावी.

ही चाचणी मी एकदा वगळली होती. व्यवसायाची सुरुवात होती, दिवाळी आठ दिवसांवर आली होती आणि घरमालकांना लक्ष्मीपूजन नव्या घरात करायचे होते. जानेवारीत खालच्या काकूंच्या न्हाणीघराच्या छताला पोपडे सुटले. नवी लादी फोडून पुन्हा सगळे करावे लागले आणि तो खर्च मी सोसला. न्हाणीघर, सिंक अशा घराच्या आतल्या गळतीची दुरुस्ती आदर्श उपविधींनुसार त्या सदस्याने स्वखर्चाने करायची असते; ती सोसायटीवर ढकलता येत नाही.

वायरिंग चालू स्थितीत असेल तरी बदलावे का?

वीस वर्षांहून जुने असेल तर बदलावे. दिव्यांसाठी दीड, सॉकेटसाठी अडीच आणि गीझर-एसीसाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हा आमचा नेहमीचा हिशेब आहे. मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा. अर्थिंग मीटरपर्यंत खरोखर पोचते का हे मोजून घ्यावे. अनेक जुन्या इमारतींत सॉकेटच्या तिसऱ्या भोकात वायर जोडलेली असते, पण ती पुढे कुठेच जात नाही. तीन एसी आणि इंडक्शन बसवण्याचा विचार असेल तर महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यावा. गिलावा बंद होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीला टेप लावून तिचा फोटो काढावा. पुढे पडद्याचा रॉड ठोकताना तो उपयोगी पडतो.

जुनी फरशी काढावी का?

घाईने काढू नये. त्या काळातली दहा बाय दहा इंची मोझॅक फरशी जाड असते आणि यंत्राने घासून पॉलिश केली की तिचे रंगीत खडे पुन्हा झळकतात. कमी खर्चात होते, आवाज आणि राडारोडा वाचतो. फरशी जागोजागी वाजत असेल किंवा खचली असेल तर अर्थातच काढावी. जुन्यावर नवी लादी चिकटवण्याचा पर्याय आहे, पण त्याने पातळी सुमारे अर्धा इंच वर येते, दारे तासावी लागतात आणि उंबऱ्यांचा हिशेब बिघडतो. सागवानी चौकटी पोखरलेल्या नसतील तर त्यांना हात लावू नये. आज तसे लाकूड परवडत नाही.

ओट्याची उंची किती ठेवावी?

ठेकेदार ३४ इंच सांगतो, कारण त्याने मागच्या घरी तेवढाच केलेला असतो. ओटा वापरणाऱ्या माणसाला उभे करून कोपर जमिनीपासून किती उंचीवर येते ते मोजावे आणि कामाची पातळी त्याच्या चार ते सहा इंच खाली धरावी. पोळ्या लाटताना हात पोळपाटावर असतो, ओट्यावर नसतो, म्हणून पोळपाटाची उंचीही वजा करावी. एका घरी सासूबाई चार फूट अकरा इंच आणि सूनबाई साडेपाच फूट होत्या. मोजणीसाठी सासूबाईंना मी टेबलावर पोळपाट ठेवून खरोखर लाटायला लावले, तेव्हा त्या म्हणाल्या, “चाळीस वर्षं खांदा दुखतोय, तो वयामुळे असंच मी समजत होते.” तेथे आम्ही एल आकाराच्या ओट्याची एक बाजू ३१ आणि दुसरी ३४ इंचांची केली. ग्रॅनाइटवाला दोन दिवस कुरकुरला.

ओट्याखालच्या जुन्या कडप्प्याच्या फळ्या शाबूत असतील तर ठेवाव्यात. कडप्पा पाण्याने कुजत नाही आणि वाळवी त्याला लागत नाही. निदान सिंकखाली तरी मला तो कोणत्याही प्लायपेक्षा भरवशाचा वाटतो. पुढे नवी दारे लावली की झाले.

दोन कोटेशनमध्ये एवढा फरक का असतो?

बहुधा मोजण्याच्या पद्धतीमुळे. समजा, कपाट ६ फूट रुंद, ७ फूट उंच आणि २ फूट खोल आहे. समोरचे क्षेत्र मोजले तर ४२ चौरस फूट होतात. दोन्ही बाजूंचे तक्ते धरले तर आणखी २८, म्हणजे ७०. आता पहिला १,५०० रुपये दर सांगतो आणि दुसरा १,१००. ऐकायला दुसरा स्वस्त, पण हिशेब ६३,००० आणि ७७,००० असा निघतो. वरचा लॉफ्ट, आतले ड्रॉवर, हँडल, आरसा यांचे पैसे वेगळे आहेत का, हेही विचारावे.

प्लायचा प्रकार नावानिशी लिहून घ्यावा. आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायचे आणि आयएस ७१० हे मरीन प्लायचे मानक आहे. स्वयंपाकघर आणि बेसिनखाली दुसरे, कोरड्या खोल्यांत पहिले पुरते. सगळीकडे मरीन वापरण्याचा आग्रह अनावश्यक आहे. आठ बाय चारच्या तक्त्यांवरचे शिक्के माल उतरताना पाहावेत, कापून झाल्यावर पाहण्यासारखे काही उरत नाही.

बिल घ्यावे की रोखीत करावे?

डिझायनर किंवा ठेकेदार जीएसटीसाठी नोंदणीकृत असेल तर फीवर आणि टर्नकी (माल-मजुरीसह पूर्ण करून देण्याच्या) कामावर १८ टक्के कर येतो. ती रक्कम टोचते हे खरे आहे. मात्र कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटी मागता येत नाही. पुढे घर विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबात सुधारणेचा खर्च दाखवायचा असेल तर पक्की बिलेच लागतात. नूतनीकरणासाठी कर्ज काढले असेल तर राहत्या घराच्या बाबतीत, जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना, त्यावरील व्याजाची वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते.

किती दिवस लागतात?

दोन बेडरूमच्या घराला, सगळे बदलायचे असल्यास, चार महिने धरावेत. तीन महिन्यांचा शब्द देणाऱ्याने होळी किंवा दिवाळी मोजलेली नसते. आमचे बरेच सुतार राजस्थानचे आहेत आणि सणाला गावी गेले की पंधरा-वीस दिवस येत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये गिलावा आणि पुट्टी वाळायला वेळ लागतो. त्यावर घाईने रंग दिला तर तो फुगतो.

आम्ही परदेशात राहतो. न येता काम होऊ शकते का?

होते, परंतु येथे निर्णय घेणारी एकच व्यक्ती नेमावी. आईवडील, मेव्हणा आणि व्हॉट्सअ‍ॅप गट असे तिघेही निर्णय घेऊ लागले की लादी दोनदा बदलते. पाणी भरण्याची चाचणी आणि वायरिंगचे फोटो या दोन टप्प्यांवर व्हिडिओ कॉल अवश्य मागावा. लॅमिनेटचा रंग मात्र पडद्यावर पाहून ठरवू नये. नमुने कुरिअरने मागवावेत.

शेवटचे पैसे केव्हा द्यावेत?

हप्ते तारखांना न बांधता कामाच्या टप्प्यांना बांधावेत : फोडाफोड आणि नळकाम, चाचणी पूर्ण, सुतारकामाचा सांगाडा, लॅमिनेट, रंग. शेवटचे पाच ते दहा टक्के राखून ठेवावेत आणि करारात तसे लिहावे. किल्ली परत घेताना प्रत्येक नळ एकाच वेळी सोडून पाहावा, प्रत्येक ड्रॉवर भरून ओढावा, आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबावे. खिडक्यांच्या कडा आणि बाहेरच्या भिंतींचा निकाल मात्र जूनमध्येच लागतो. मी राखीव रकमेचा निम्मा भाग पहिला मोठा पाऊस झाल्यानंतर, घरी जाऊन पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावून पाहिल्यावरच घेते.